पडदा बंद केल्यावर काय उरते?

शिक्षकांच्या खोलीत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की निकाल बहुतेक आधीच लागलेला असतो. मुले मोबाइलवर खेळतात म्हणून वाचत नाहीत, खेळतात म्हणून वेळेवर झोपत नाहीत, खेळतात म्हणून मैदानावर फिरकत नाहीत. क्वचित एखादा सहकारी उलट बाजू घेतो. हात आणि डोळा यांचा मेळ सुधारतो, चार इंग्रजी शब्द कानावर पडतात, असे तो म्हणतो. या दोन्ही बाजू एका बाबतीत सारख्याच आहेत. 'व्हिडिओ गेम' नावाची एकच एक वस्तू आहे असे दोघेही धरून चालतात. पुस्तकांबद्दल आपण असे बोलत नाही. 'पुस्तके चांगली की वाईट?' असे कोणी विचारले तर आपण हसू आणि कोणते पुस्तक ते आधी सांगा म्हणू. पुस्तकाला परीक्षक मिळतो, नाटकाला समीक्षक मिळतो. खेळांच्या वाट्याला मात्र फिर्यादी आणि वकील एवढेच येतात.

या लेखात आम्ही काही व्हिडिओ गेम्सची समीक्षा करणार आहोत. त्यासाठी कसोटी एकच घेतली आहे. पडदा बंद केल्यावर मुलाच्या रोजच्या जगण्यात काय उरते? नेहमीचा रस्ता, शाळेचे आवार, घरामागची मोकळी जागा त्याला पूर्वीपेक्षा वेगळी दिसू लागते का? तिथे स्वतःहून काही करून पाहावे असे त्याला वाटते का?

ही कसोटी निवडण्याचे कारण आमच्या भोवतालीच आहे. सावनेर हे नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. जवळून कोलार नदी वाहते, आसपास संत्र्यांच्या बागा आहेत, तशाच कोळशाच्या खाणीही आहेत. पाहण्या-शोधण्यासारखे इथे पुष्कळ आहे. पण शाळा, शिकवणी, गृहपाठ आणि पुन्हा शिकवणी अशा दिवसात मुलाच्या मर्जीची जागा कोठे उरते? पुष्कळदा ती हातातल्या पाच-सहा इंचांच्या पडद्यावरच उरते. तिथे 'हे का केलेस?' असे कोणी विचारत नाही. मूल पडद्याकडे धावते त्यात चटक असेल, पण मोकळीक शोधण्याची धडपडही असते. म्हणून ती मोकळीक खरी आहे की नुसती दाखवलेली, हे तपासणे शिक्षकाचे काम ठरते.

टेट्रिस : नजरेत उतरणारा खेळ

मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये टेट्रिस तयार केला. वरून ठोकळे पडत राहतात, ते फिरवून खाली अशा तऱ्हेने बसवायचे की आडवी ओळ पूर्ण भरावी. भरलेली ओळ नाहीशी होते. ठोकळे सातच, आणि प्रत्येक चार चौरसांचा. गोष्ट नाही, नायक नाही, शत्रू नाही.

तरीही हा खेळ डोक्यात शिरतो. हार्वर्डमधील रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना तीन दिवस टेट्रिस खेळायला लावले आणि झोप लागण्याच्या वेळी डोळ्यांपुढे काय येते ते विचारले. अनेकांनी पडणारे ठोकळे दिसत असल्याचे सांगितले. त्यांच्यात स्मृती गमावलेले काही रुग्ण होते. आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते, पण ठोकळे त्यांनाही दिसले.

दिवसाही असेच होते. पुष्कळ टेट्रिस खेळलेला माणूस कपाटातले डबे, भिंतीतल्या विटा, बसमधल्या पिशव्या यांच्याकडे 'हे कुठे बसेल?' अशा नजरेने पाहू लागतो. याला बाधा म्हणता येईल, पण भूमितीच्या शिक्षकासाठी ही चालून आलेली संधी आहे. पुठ्ठ्याचे सात ठोकळे कापून वर्गात द्या आणि विचारा : चौरस एकूण २८ झाले, तर या सातांतून ४ × ७ चा आयत जुळवता येईल का? मुले बराच वेळ झटतील. मग आयताची घरे बुद्धिबळाच्या पटासारखी आळीपाळीने काळी-पांढरी रंगवायला सांगा. सहा ठोकळे कसेही ठेवले तरी प्रत्येकी दोन काळी आणि दोन पांढरी घरे झाकतात. इंग्रजी टी अक्षरासारखा सातवा ठोकळा मात्र एका रंगाची तीन आणि दुसऱ्या रंगाचे एक घर झाकतो. म्हणजे सातही ठोकळे मिळून एका रंगाची १५ व दुसऱ्याची १३ घरे झाकणार. आयतात तर दोन्ही रंगांची १४-१४ घरे आहेत. हा आयत जुळणे शक्यच नाही! एखादी गोष्ट अशक्य आहे हे सिद्ध करण्यातला आनंद मुलांना इतक्या सहज क्वचितच भेटतो.

आमच्या कसोटीवर टेट्रिस निम्मा उतरतो. तो नजर बदलतो, पण हाताला काम देत नाही. ते काम शिक्षकाला द्यावे लागते.

भटकंतीतून आलेले खेळ

दोन प्रसिद्ध जपानी खेळ कसे सुचले ते पाहण्यासारखे आहे. 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ १९८६ साली आला. त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे गावात वाढले. लहानपणी ते टेकड्या-रानांत भटकत आणि कंदील घेऊन गुहांत शिरत. पुढे काय असेल हे ठाऊक नसताना पाऊल टाकण्याचा तो अनुभव त्यांना पडद्यावर आणायचा होता. 'पोकेमॉन' हा १९९६ सालचा. त्याचे कर्ते सातोशी ताजिरी टोकियोच्या माचिदा या उपनगरात किडे गोळा करीत वाढले. शहर पसरत गेले, तळी आणि शेते बुजली, किडे गेले. किडे शोधण्याची, पकडण्याची आणि मित्रांशी अदलाबदल करण्याची ती गंमत नव्या मुलांना मिळावी म्हणून त्यांनी हा खेळ रचला.

हे वाचून शिक्षकाने थोडे थांबावे. जगभरच्या मुलांना खिळवून ठेवणारे हे खेळ दोन मुलांच्या मोकळ्या भटकंतीतून निघाले. मूळ माल रानातला, पडद्यावरची ती त्याची नक्कल. माचिदाच्या मुलांपुढे दुसरा पर्याय उरला नव्हता, असे म्हणता येईल. आमच्याकडे तो अजून आहे. बांधावरचे किडे, कोलारच्या काठची दगडगोट्यांची जात, संत्र्याच्या पानांवरची लिंबू-फुलपाखराची अळी या गोष्टी सावनेरच्या मुलाला चालत जाऊन पाहता येतात. पोकेमॉनच्या शेकडो काल्पनिक प्राण्यांची नावे, प्रकार आणि रूपांतरे पाठ असलेला विद्यार्थी वर्गीकरणात कच्चा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याला खऱ्या प्राण्यांची तशी वही मिळालेली नाही, इतकेच. 'पकडा' या नियमाच्या जागी 'पाहा, काढा, सोडून द्या' असा नियम करून वर्गाने स्वतःची वही सुरू केली तर तो खेळ पडद्यावरून पुन्हा बांधावर येतो.

२०१६ साली 'पोकेमॉन गो' आला आणि खेळणारे खरोखरच रस्त्यावर उतरले. माणसे चालू लागली, ही जमेची बाजू. पण कोठे थांबायचे आणि कोठे काय सापडायचे हे कंपनीच्या नकाशाने ठरवलेले होते. पाय रस्त्यावर आणि डोळे पडद्यावर, अशी ती भटकंती होती. रस्त्याचे कुतूहल तिच्यातून फारसे वाढले असेल असे आम्हांला वाटत नाही.

माइनक्राफ्ट : एक मीटरचा ठोकळा

स्वीडनमध्ये तयार झालेला माइनक्राफ्ट हा खेळ २००९ मध्ये लोकांपुढे आला आणि २०११ मध्ये पूर्ण झाला. यातले सगळे जग ठोकळ्यांचे आहे. ठोकळा फोडता येतो, उचलता येतो, दुसरीकडे ठेवता येतो. ठोकळ्याची बाजू एक मीटर धरलेली आहे. काय बांधायचे हे खेळ सांगत नाही. झोपडी बांधा, किल्ला बांधा किंवा आपलीच शाळा बांधा.

याचा एक अनपेक्षित उपयोग पुढे आला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतींचे काम पाहणाऱ्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने २०१२ साली खेळाच्या निर्मात्यांबरोबर 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम सुरू केला. एखाद्या वस्तीतील सार्वजनिक जागा सुधारायची असेल तर आधी ती माइनक्राफ्टमध्ये उभारायची आणि मग तिथल्या रहिवाशांनाच हवे ते बदल करून दाखवायला सांगायचे. केनियातील नैरोबीच्या किबेरा वस्तीत एका मैदानापासून सुरुवात झाली. हैतीतील ले के या किनाऱ्यावरच्या गावात, लिहिता-वाचता न येणारे आणि संगणक कधी न हाताळलेले मच्छीमारही त्यात सहभागी झाले. नेपाळमधील कीर्तिपूरला जुन्या तळ्याचा परिसर अशा तऱ्हेने आखला गेला. मुंबईही या उपक्रमाच्या यादीत आहे.

नकाशा वाचता न येणारा माणूस ठोकळा उचलून 'इथे दिवा हवा, इथे भिंत नको' असे सांगू शकला, ही या उपक्रमातली मोलाची गोष्ट. वस्ती जशी आहे तशीच राहिली पाहिजे असे नाही, हे त्याला दिसले आणि दुसऱ्याला दाखवताही आले. कल्पनाशक्ती हा शब्द आपण कथा-कवितांसाठी राखून ठेवतो. पण 'हे असेच का? तसे का नाही?' हा तिचा रोजच्या वापरातला अर्थ आहे, आणि विज्ञानाची सुरुवातही त्याच प्रश्नापासून होते.

हे करायला संगणक हवाच असे नाही. आलेखाच्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर धरून शाळेचे आवार मोजा, काढा, आणि काड्यापेटीच्या खोक्यांनी उभे करा. पाण्याची टाकी कोठे हवी, सावली कोणत्या तासाला कोठे पडते, लहान मुलांची खेळायची जागा मोठ्यांच्या धावण्याच्या वाटेत येते का, हे प्रश्न आपोआप निघतील. त्यातला एखादा बदल शाळेने खरोखर करून दाखवला तर त्या धड्याला परीक्षेची गरज राहणार नाही.

शिकवण पटावर, खेळ फाशात

खेळातून शिकवण मिळावी हा आग्रह आपल्याकडे जुना आहे. मोक्षपट, म्हणजे सापशिडीचा आपल्याकडील जुना अवतार, ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी साप. पण खेळणारा प्रत्यक्षात काय करतो? तो फासे टाकतो. कोणता गुण घ्यावा आणि कोणता दोष टाळावा, हे त्याच्या हाती नाही. शब्द नीतीचे असले तरी नियम नशिबाचे आहेत. खेळाचा अर्थ चित्रांत जितका असतो त्याहून अधिक तो नियमांत असतो, हे मोक्षपटावरून चांगले कळते. आजचे अनेक 'शैक्षणिक' गेम याच जातीचे आहेत. गुणाकाराचे उत्तर बरोबर आले की मोटार पुढे सरकते. गुणाकाराचा मोटारीशी संबंध नसतो आणि मुलाला तो फसवणुकीचा व्यवहार लगेच कळतो.

याच दृष्टीने पुण्यात तयार झालेल्या एका देखण्या खेळाकडे पाहू. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्कशीत कसरती करणारी राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. विष्णू आणि दुर्गा यांच्या संवादातून तिची कथा उलगडते, मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात, भिंतींवरच्या चित्रांतून पुराणकथा भेटतात. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांसाठीच्या नामांकनात त्याचे नाव होते. परक्या किल्ल्यांची सवय झालेल्या डोळ्यांना सज्जे, जाळ्या आणि कोरीव खांब पडद्यावर पाहून आनंद होतो. आपल्याकडच्या रूपांतही खेळ रचता येतो, हे या खेळाने दाखवले आणि ते थोडे नाही.

तरी आमची तक्रार आहे. राजीची वाट ठरलेली आहे. ज्या भिंतीवर चढायचे तिथेच चढता येते, आणि दिसणाऱ्या बहुतेक दारांत शिरता येत नाही. मंडलाची चक्रे फिरवून चित्र जुळवायचे, म्हणजे आधीच ठरलेले उत्तर शोधायचे. हा खेळ खेळलेली मुलगी रामटेकच्या गडावरची मंदिरे अधिक निरखून पाहील, हे आम्ही मान्य करू. पण आपले जग आपण घडवू शकतो असे तिला वाटण्याजोगे त्यात फारसे काही नाही. सुंदर वाड्यातून मार्गदर्शकाच्या मागोमाग फिरावे, तसा तो अनुभव आहे.

बक्षिसांची साखळी

यापेक्षा गंभीर तक्रार ज्यांच्याबद्दल आहे, ते खेळ मुलांच्या मोबाइलवर सर्वांत अधिक असतात. रोज उघडलात तर रोज नाणी, एक दिवस चुकलात तर साखळी तुटली, पेटी उघडा आणि नशीब पाहा. इथे खेळ थोडा आणि हजेरी फार. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगारात धरले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून खेळाच्या विकाराची नोंद आहे. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे ही त्याची लक्षणे. फार खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला हे नाव चिकटवू नये. लक्षणे दिसली तर मात्र रागावण्याऐवजी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बक्षिसांची ही साखळी आता शाळेतही शिरते आहे, म्हणून एक जुना प्रयोग सांगितला पाहिजे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला 'चित्र काढाल तर प्रमाणपत्र देऊ' असे आधी सांगितले आणि दिले. दुसऱ्याला न सांगता दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रे काढते ते पाहिले. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आवडीचे काम त्यांच्यासाठी मजुरी झाले होते.

तेव्हा वर्गात गुणांचे तक्ते, चांदण्या आणि पदके लावून 'आम्ही शिक्षण खेळासारखे केले' असे म्हणणाऱ्यांनी जपून असावे. त्यांनी खेळातला सर्वांत हलका भाग उचलला. नियम समजून घेण्याची, चुकण्याची आणि पुन्हा करून पाहण्याची मोकळीक तशीच मागे राहिली.

कच्चे लिंबू आणि तान्हा पोळा

व्हिडिओ गेमची एक मर्यादा त्याच्या जातीतच आहे. त्याचे नियम यंत्रात कुलूपबंद असतात. गल्लीत तसे नसते. गल्ली क्रिकेटमध्ये कोणाच्या अंगणात चेंडू गेला तर बाद, भिंतीला लागला तर किती धावा, एक टप्पा पडून एका हाताने झेलला तर काय, हे त्या गल्लीची रुंदी आणि तिथल्या काकूंचा स्वभाव पाहून ठरते. धाकटा भाऊ खेळायला हटून बसला तर तो 'कच्चे लिंबू' होतो : खेळेल, पण बाद होणार नाही. हा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता. सगळ्यांना सामावून घ्यायचे आणि खेळही बिघडू द्यायचा नाही, हा अवघड प्रश्न मुलांनी आपसात सोडवला.

खेळाने अख्खे गाव बदलून टाकण्याचे उदाहरण आमच्या नागपूर भागात दरवर्षी दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून रस्त्यावर आणतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, मग घरोघरी नेतात. मोठी माणसे त्या लाकडी बैलाचा खऱ्या बैलासारखा मान ठेवतात आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवतात. रस्ता तोच, घरे तीच, पण त्या दिवशी तिथे मुलांचे नियम चालतात आणि मोठे ते मुकाट्याने पाळतात.

दुसऱ्याचे रूप घेऊन पाहणे हाही खेळाचाच भाग. सावनेरचे नाव मराठी वाचकाला राम गणेश गडकऱ्यांमुळे ठाऊक असते. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे इथे निधन झाले. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोद 'बाळकराम' म्हणून. नाव बदलले की बोलण्याची धाटणीही बदलते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. खेळात नवे नाव घेणारा वर्गातला बुजरा मुलगा कदाचित तीच सवलत शोधत असतो. नाटुकली, वादविवाद, 'मी बेडूक बोलतोय' असा निबंध यांतून ती वर्गातही देता येते.

चांगल्या व्हिडिओ गेमने मुलाला या वाटेवर परत आणावे, एवढीच आमची अपेक्षा. नियम पाळता पाळता नियम करणारा होणे, ही ती वाट.

चिंचोक्यांचा जीवन-खेळ

वर्गात लगेच करता येईल असा एक प्रयोग. केंब्रिजचे गणिती जॉन कॉनवे यांचा 'जीवन' हा खेळ मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून ऑक्टोबर १९७० मध्ये जगापुढे आला. संगणकावर तो खूप गाजला, पण त्याला खडूने आखलेली फरशीही पुरते.

साधारण १२ × १२ घरे आखा. काही घरांत चिंचोके ठेवा. ती घरे जिवंत, बाकी रिकामी. प्रत्येक घराला आडवे, उभे आणि तिरपे मिळून आठ शेजारी. नियम असे : जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते जगते, कमी असतील तर एकटेपणाने आणि जास्त असतील तर गर्दीने मरते. रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी असतील तर तिथे नवा जीव जन्मतो. सगळ्या घरांचा हिशेब आधी करायचा, मग एकदम बदल करायचा. त्यासाठी मरणाऱ्या घरात खडा आणि जन्म होणार त्या घरात ज्वारीचा दाणा ठेवून खूण करावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

ओळीत तीन चिंचोके ठेवा. पुढच्या पिढीत ती ओळ आडवीची उभी होईल, त्यापुढच्या पिढीत पुन्हा आडवी. चार चिंचोक्यांचा चौकोन जागचा हलणार नाही. पाच चिंचोक्यांची एक आकृती अशी आहे की ती दर चार पिढ्यांनी एक घर तिरपी सरकते, जणू चालत जाते. ती शोधायला मुलांना सांगा. उत्तर देण्याची घाई करू नका.

मग मुख्य प्रश्न विचारा : नियम बदलला तर? जन्मासाठी तीनऐवजी नेमके दोन शेजारी लागतील असे ठरवा. ओळीतल्या त्या तीन चिंचोक्यांची पहिल्याच पिढीत पाच चिंचोक्यांची फुली होते. आता प्रत्येक गटाने आपला नियम करावा, काय होईल त्याचा आधी अंदाज लिहावा, मग खेळून पाहावे. अंदाज, प्रयोग, निरीक्षण आणि नियमात दुरुस्ती हा सगळा क्रम इथे अवघ्या एका तासात पुरा होतो आणि कोणाचे गुणही कापले जात नाहीत.

चार प्रश्न

मुलांच्या हातातला कोणताही गेम पाहताना आम्ही चार प्रश्न विचारतो. शिक्षकांनी ते मुलांनाच विचारावेत, कारण खेळांची माहिती त्यांनाच अधिक असते.

एक : खेळाने ठरवलेले नाही असे काही तुला यात करता येते का? दोन : तू थांबलास तर खेळ तुला शिक्षा करतो का? तीन : यातला एखादा नियम बदलायचा झाला तर कोणता बदलशील आणि मग काय होईल? चार : खेळ बंद केल्यावर यातले काही अंगणात, वहीत किंवा मित्रांबरोबर करून पाहिलेस का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे खेळाची पारख करतात. पुढच्या दोन प्रश्नांतून मूल स्वतःच समीक्षक होते. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर देणारा विद्यार्थी तो खेळ खेळतो आहे. ज्याला उत्तर सुचत नाही त्याला खेळ खेळवतो आहे.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकट्या मुलावर सोडता येणार नाही. अंगण, वेळ आणि मित्र असतील तरच तो काही करून पाहील. मोबाइल काढून घेणे एका मिनिटाचे काम आहे. त्याच्या जागी रोज तासभर मोकळा वेळ आणि मोकळे मैदान देणे हे शाळेचे, पालकांचे आणि गावाचे काम आहे, आणि तेच आपण पुढे ढकलत आलो आहोत. शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास 'मुलांच्या नियमांचा' ठेवून पाहा. त्या तासात शिक्षकाने 'कच्चे लिंबू' व्हायला हरकत नाही. काय घडले ते आम्हांला अवश्य कळवा. मुलांनी केलेले नवे खेळ नियमांसह आले तर अधिकच चांगले.